गंजाचा डाग असलेली बंबलबी आणि आमच्या बांबूतला भुंगा

निवृत्त_गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. लिहायला घेतलं की मला आवरत नाही हे जुन्यांना माहितीये, तर चहा घेऊनच बसा.

गेल्या वर्षी मे ते ऑक्टोबर आम्ही दोघं लेकीकडे होतो, अमेरिकेत मिनेसोटा राज्य आहे तिथे मिनियापोलिसला. पहिल्याच आठवड्यात बघतो तर घरासमोरचं अर्धं लॉन गायब आणि त्या जागी गुडघाभर झुडपं माजलेली. म्हटलं दोघं नोकरीवाले, वेळ मिळत नसेल, आपण नुसतं बसून खातोय तर एवढं तरी करू, म्हणून गॅरेजमधून मोठी कात्री काढून उतरलो. लेक खिडकीतूनच ओरडली, बाबा हात लावायचा नाही, मुद्दाम लावलंय ते. कशासाठी, तर माश्यांसाठी. मी मनात म्हटलं झालं, पोरगी बिघडली.

मग जुलै उजाडला आणि त्या झुडपांना जांभळट गुलाबी झुबके आले. वाइल्ड बर्गामॉट नाव त्याचं. पान चुरडून नाकाला लावा, थेट ओवा! सौ. तर फोडणीत टाकायला निघाली होती. सकाळी तिथे खुर्ची टाकून बसायची सवय लागली आणि मग एकेक दिसायला लागल्या. बंबलबी म्हणजे आपली मधमाशी जाड लोकरीचा स्वेटर घालून आली तर कशी दिसेल तशी, गोलमटोल, पोटापर्यंत केसाळ, आणि उडताना आवाज असा की लांबून कुणी शिलाई मशीन चालवतंय.

त्यातच ती होती जिच्यासाठी हा धागा. रस्टी पॅच्ड बंबलबी, शास्त्रीय नाव बॉम्बस अफिनिस. डोकं काळं, पाठ पिवळी पण दोन पंखांच्या मधे काळा ठिपका, पोटाचा पहिला पट्टा पिवळा, आणि दुसऱ्या पट्ट्यावर बरोबर मधोमध गंजासारखा तांबूस डाग, डागाच्या कडेने परत पिवळं. पुढे सगळं काळं. पावसाळ्यात पत्र्याच्या डब्याला जो गंज चढतो ना, अगदी तो रंग. हा डाग फक्त कामकरी माश्यांना आणि नरांना असतो, राणीला नसतो, ती नुसतीच पिवळी-काळी आणि आकाराने चांगली मोठी, दोन सेंटीमीटरच्या पुढे.

ही माशी एकेकाळी अमेरिकेतल्या २८ राज्यांत होती, शिवाय कॅनडाचा थोडा भाग. नव्वदीच्या अखेरपासून अशी घसरली की वीसेक वर्षांत ८७ टक्के गेली. २०१७ साली त्यांनी तिला धोक्यातल्या प्राण्यांच्या कायद्यात घातलं, तो मान मिळालेली ती पहिलीच बंबलबी. २०१९ मध्ये मिनेसोटाने तिला राज्याची माशी म्हणून जाहीर केलं. आपला जसा शेकरू राज्यप्राणी तशी त्यांची ही राज्यमाशी. आणि गंमत बघा, एवढी दुर्मिळ गोष्ट जंगलात नाही राहिली, शहरांतल्या परसांत टिकलीये, मिनियापोलिस, सेंट पॉल, मॅडिसन असल्या ठिकाणी.

लोक फोटो काढून अपलोड करतात, तिकडे जाणकार बसलेले असतात ते ओळख पटवतात. मी चार वेळा छाती फुगवून फोटो टाकला आणि चारही वेळा उत्तर आलं, ही ब्राऊन बेल्टेड, साधी. तिलाही दुसऱ्या पट्ट्यावर तपकिरी असतं पण त्याच्या मागे पिवळं नसतं. पाचव्यांदा लागला निकाल. त्या दिवशी लेकीने केक आणला, खोटं नाही सांगत.

आता मुद्दा. परवा आमच्या बाल्कनीत तस्साच धाडधाड आवाज आला. बघतो तर पिवळ्या पाठीचा, अंगठ्याएवढा, काळा. नाशकात बंबलबी आहे का? फोटो मोबाईलवर काढलाय, हलला आहे, सांभाळून घ्या.

मिसळीवर_तर्री

म्हणजे काका तुम्ही पाच महिने अमेरिकेत जाऊन माश्या मारत बसला होतात.

निवृत्त_गंगापूररोडकर

@मिसळीवर_तर्री मारत नव्हतो रे बाबा, मोजत होतो. तिथे ही मारली तर गुन्हा आहे.

अंजनेरीवारी

काका फोटो हललाय पण चालेल, ओळखू येतोय. ही बंबलबी नाही. बंबलबीच्या भारतात चाळीसच्या वर जाती आहेत पण सगळ्या हिमालयाच्या पट्ट्यात, काश्मीर-हिमाचलपासून सिक्कीम-अरुणाचलपर्यंत. थंड हवेचं जनावर आहे ते. नाशिकची थंडी म्हणजे त्यांना काहीच नाही आणि एप्रिलातला उन्हाळा म्हणजे सगळंच.

तुमच्याकडे आलाय तो आपला भुंगा. इंग्रजीत कारपेंटर बी, शास्त्रीय नाव झायलोकोपा, त्याचा अर्थच लाकूडतोड्या. आपल्याकडे निळसर काळे पंख असलेले पूर्ण काळे दिसतात आणि ही पिवळ्या पाठीची पण दिसते. तुमच्या फोटोत आहे ती मादी. हिचा नर बघितलात तर वाटेल वेगळीच जात, अख्खा हिरवट सोनेरी, बिनडंखाचा, पण एका जागी हवेत टांगल्यासारखा उभा राहतो आणि समोरून जाईल त्याच्या अंगावर धावून येतो. नुसता दम.

ओळखायची सोपी खूण म्हणजे पोट बघायचं. बंबलबीचं पोट केसाळ, पट्टेवालं. भुंग्याचं पोट टक्कल पडल्यासारखं गुळगुळीत, पॉलिश मारलेल्या बुटासारखं चमकतं. दुसरं मागचा पाय. बंबलबीच्या मागच्या पायावर चपटी चकचकीत टोपली असते, त्यात परागाचा ओला गोळा दाबून भरते. भुंग्याच्या पायावर नुसता झुपकेदार ब्रश.

एक विचारू? बाल्कनीत बांबू आहे का कुठे?

निवृत्त_गंगापूररोडकर

आहे ना! वेलासाठी मांडव केलाय. तुम्हाला कसं कळलं?

अंजनेरीवारी

बांबूखाली पिवळा भुसा पडतोय का बघा.

निवृत्त_गंगापूररोडकर

पडतोय!! सौ. आठवडाभर माझ्या नावाने ओरडतेय की बिस्किटं खाऊन चुरा पाडतो.

सिन्नरची_सून

अय्या आमच्या सासरच्या जुन्या वाड्यात माळवदाच्या लाकडांना अशीच गोल गोल भोकं होती, पेन्सिल जाईल एवढी, मी समजत होते वाळवी. सासूबाई म्हणायच्या भुंगा एवढं लाकूड पोखरतो आणि कमळाच्या पाकळीत मुकाट अडकून बसतो, माणसाचं पण तसंच असतं. हे मला लग्नानंतर आठ दिवसांत ऐकवलेलं, त्यामागे काय सुचवायचं होतं देव जाणे.

बाय द वे चावतात का हे? घरात लहान मूल आहे.

अंजनेरीवारी

@सिन्नरची_सून ताई, मादीला डंख आहे पण हातात धरून दाबल्याशिवाय वापरत नाही. आग्या मोहोळासारखं टोळीने मागे लागणं हा प्रकारच नाही कारण इथे मोहोळ नाही, राणी नाही, प्रत्येक मादी आपलं आपलं घर करते. पोकळी कोरायची, आत पराग आणि मध कालवून गोळा ठेवायचा, त्यावर एकच अंडं, मग लाकडाच्या भुशाची भिंत, पुन्हा गोळा, पुन्हा अंडं. आगगाडीचे डबे. आणि हे अंडं कीटकांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या अंड्यांपैकी, भाताच्या शितापेक्षा लांब भरतं.

भुंगा लाकूड खात नाही, फक्त उकरून बाहेर टाकतो.

सकारात्मक_सदाशिव

छान धागा. सर्वांना एक सांगावेसे वाटते. विज्ञानाच्या नियमाप्रमाणे बंबलबीचे शरीर जड व पंख छोटे असल्याने ती उडूच शकत नाही. पण हे तिला माहीतच नाही! म्हणून ती उडते. स्वतःवर विश्वास ठेवा मित्रांनो. शुभ सकाळ.

सातपूर_मेकॅनिकल

आला फॉरवर्ड. वाटच बघत होतो.

सदाशिवराव राग मानू नका पण हे थोडं समजून घ्या, मी एमआयडीसीत फॅन ब्लेडवर काम करतो म्हणून हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ही गोष्ट १९३४ ची. आंत्वान मान्यां नावाचे फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ, त्यांनी विमानाच्या पंखाचं गणित कीटकाला लावून बघितलं आणि लिहिलं की या हिशोबाने कीटकांना उडता येऊ नये. बरोबरच होतं गणित, विमानाचा पंख स्थिर असतो आणि तसा स्थिर पंख घेऊन बंबलबी खरंच दगडासारखी पडेल. पण ती पंख स्थिर ठेवते कुठे? सेकंदाला दीडशे-दोनशे वेळा मारते, आणि नुसता वरखाली नाही, पुढे-मागे वल्हवते, प्रत्येक फेरीच्या शेवटी पंख उलटा वळवते. त्यामुळे पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा छोटा भोवरा तयार होतो आणि तो भोवरा पंखाला वर खेचतो. १९९६ मध्ये केंब्रिजच्या चार्ल्स एलिंग्टन यांच्या गटाने मोठ्या पतंगाच्या पंखाचं यांत्रिक मॉडेल करून, धूर सोडून तो भोवरा डोळ्यांनी दाखवला.

म्हणजे तिला माहीत नाही असं काही नाही, आपल्यालाच माहीत नव्हतं.

मिसळीवर_तर्री

सदाशिवकाका, हा मेसेज आता फॅमिली ग्रुपवर टाका.

चांदोरीची_बाय

काका मला एक सांगा, मिनेसोटात हिवाळ्यात म्हणे शून्याच्या खाली वीस-पंचवीस जातं. इकडे निफाडला पारा पाचवर आला तरी आम्ही शेकोटी सोडत नाही. मग या माश्या काय करतात? मरून जातात?

निवृत्त_गंगापूररोडकर

मरतात हो. हाच भाग मला सगळ्यात जास्त लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मधमाशीचं पोळं वर्षानुवर्षं चालतं, मध साठवलेला असतो, हिवाळ्यात सगळ्या एकमेकींना चिकटून तग धरतात. बंबलबीचं असं नाही. तिचा संसार एका वर्षाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात नव्या राण्या जन्मतात, त्यांचं मीलन होतं आणि मग जुनी राणी, सगळ्या कामकरी, सगळे नर, हळूहळू सगळे संपतात. मी निघायच्या आठवड्यात बघितलंय, गोल्डनरॉडच्या पिवळ्या तुऱ्यावर एक नर सकाळी दवाने भिजून गार पडलेला होता, बोटावर घेतला, ऊन लागल्यावर पाय हलवले, पाठ थरथरली, परत बसला फुलावर. दुसऱ्या दिवशी तिथेच खाली पडलेला.

उरते फक्त नवी राणी, पोटात पुढच्या वर्षाची बीजं घेऊन. ती भुसभुशीत मातीत, पालापाचोळ्याखाली काही बोटं खोल शिरून एकटी झोपते. वर फूटभर बर्फ पडतं आणि ते बर्फच गोधडीचं काम करतं. एप्रिलात ही उठते, सगळ्यात लवकर उठणाऱ्या बंबलबींपैकी ही एक आणि शरदात सगळ्यात उशिरा संपणारीही हीच, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर अखंड फुलं हवीत. मधे महिनाभर जरी फुलं नसली तरी घर बसलं. लेकीने जी झुडपं लावलेली ती या हिशोबाने लावलेली की एक संपलं की दुसरं फुललं पाहिजे. आणि मी कात्री घेऊन निघालेलो!

उठल्यावर राणी जमिनीलगत नाकाने वास घेतल्यासारखी घिरट्या घालत उंदराचं जुनं बीळ शोधते. आयतं बीळ, आत उंदराने आणलेलं मऊ गवत. मग तिथे मेणाचा छोटा बुडकुला करते, शेंगदाण्याएवढा, त्यात मध भरून ठेवते, समोर परागाचा गोळा, त्यात अंडी. आणि त्या अंड्यांवर चक्क कोंबडीसारखी उबवायला बसते. पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवते, त्यातून ऊब तयार होते, आणि पोटाच्या खालच्या बाजूला केस विरळ असतात तिथून ती ऊब अंड्यांना देते, तीसेक डिग्री. तोंड मधाच्या बुडकुल्याकडे असतं म्हणजे जागेवरून न उठता घोट घेता येतो. बाहेर पाऊस-थंडी असली तरी मधेमधे उठून फुलांवर जायचं, परत यायचं, परत बसायचं, हे सगळं एकटीने. चार-पाच आठवड्यांनी पहिल्या लेकी बाहेर येतात, बारक्या असतात, कारण एकट्या आईने आणलेल्यावर पोसलेल्या. त्या कामाला लागल्या की मग राणी घराबाहेर पडत नाही. शेवटी हजारापर्यंत जाऊ शकतं हिचं खटलं. बाकीच्या बंबलबींची घरं बऱ्याचदा दीडशे-दोनशेवर थांबतात.

आमची सौ. हे ऐकून म्हणाली, म्हणजे सुरुवातीला सगळं तिनेच करायचं, आणि नर?

नर फक्त शेवटी येतात. फलन न झालेल्या अंड्यातून. बाप नाही त्यांना. मी विषय बदलला.

गिरणारे_टोमॅटो

रामराम. मी गिरणाऱ्याच्या बाजूला शेडनेटमध्ये चेरी टोमॅटो करतो. एकच मुद्दा घेऊन आलोय, एक्स्पोर्टवाले सांगतात परदेशात पॉलीहाऊसमध्ये बंबलबीचे खोके ठेवतात आणि फळ एकसारखं भरतं. आम्ही सकाळी तारा काठीने हलवतो, मजूर लागतो, आणि मजुराचं तुम्हाला माहीतच आहे. तर ही माशी आणता येईल का? दुर्मिळ नको मला, साधी चालेल.

अंजनेरीवारी

@गिरणारे_टोमॅटो दादा, तुमचा एक्स्पोर्टवाला खरं बोलतोय. टोमॅटोचा पराग नळीत असतो, नळीच्या टोकाला बारीक छिद्र, मिठाची बाटली समजा. साधी मधमाशी आली तर तिला काही मिळत नाही. बंबलबी ती नळी जबड्यात धरते, पंख मोकळे सोडून नुसते स्नायू थरथरवते आणि पराग भसकन तिच्या पोटावर सांडतो. उघड्या शेतात वाऱ्याने भागतं, शेडनेटमध्ये वारा नाही म्हणून तुमची काठी. १९८७-८८ पासून बेल्जियम-हॉलंडमध्ये या माश्या कारखान्यात वाढवून खोक्यातून विकायला लागले, त्याआधी तिकडेही माणसं हातात व्हायब्रेटर घेऊन फुला-फुलाला लावत फिरायची.

पण आणायचं नाव काढू नका. चिलीत काय झालं सांगतो. तिकडे दक्षिणेला बॉम्बस दालबोमी म्हणून बंबलबी आहे, जगातली सगळ्यात मोठी, राणी तीन सेंटीमीटरची, अख्खी नारिंगी, केसाळ, लोक उडता उंदीर म्हणतात तिला. १९९७-९८ ला चिलीने टोमॅटोसाठी युरोपातली बंबलबी मागवली. ती शेडमधून निसटली, २००६ पर्यंत अँडीज ओलांडून अर्जेंटिनात. सोबत आतड्यातले परजीवी घेऊन. जिथे जिथे ती पोचली तिथून उडता उंदीर गायब होत गेला. आता तो धोक्याच्या यादीत.

आणि काकांच्या गंजवालीबद्दलही संशोधकांना तोच संशय आहे. अमेरिकेत नव्वदीत अशा पाळीव बंबलबींचा धंदा सुरू झाला आणि त्यांच्यातला नोसिमा नावाचा परजीवी रानातल्यांमध्ये पसरला असावा. हे एकच कारण नाही, माळरानं नांगरली गेली, बियाण्याला लावायची कीटकनाशकं आली, हवामान बदललं, पण हे एक मोठं धरतात.

ऑस्ट्रेलिया शहाणा निघाला. टास्मानिया बेटावर १९९२ मध्येच युरोपातली घुसलेली, ते बघून २००८ मध्ये मुख्य भूमीवर आणायची परवानगी नाकारली. आणि मग ते आपल्या ब्लू बँडेड बीकडे वळले. ती तुमच्याकडे आहे दादा, फुकट. काळं पोट, त्यावर चमकदार निळे पट्टे, डोळे हिरवट, एका जागी धड थांबत नाही. तिथल्या एका जातीचं चित्रीकरण केलं तर ती फुलाला जबड्याने धरतच नाही, डोकं आपटते, सेकंदाला साडेतीनशे वेळा.

मिसळीवर_तर्री

आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या ढोलपथकापेक्षा जास्त आहे हे.

येवल्याचा_डेंगळेवाला

मी दहा वर्षं कांद्याचं बी करतोय. टोमॅटोवाल्यांचं काठीने भागतं, आमचं माशीशिवाय शून्य. डेंगळ्याच्या, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्याच्या, गोंड्यात एकेका फुलाचा पराग आधी सांडतो आणि ते फूल घ्यायला तयार होतं नंतर, म्हणजे स्वतःचं स्वतःला उपयोगी नाही. माशीनेच इकडचं तिकडे करायचं. पूर्वी फेब्रुवारीत शेतात उभं राहिलं की कानात गुणगुण भरायची. गेली काही वर्षं आम्ही गुळाचं पाणी फवारतो, मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतो.

आणि दोष कुणाला द्यायचा, थ्रिप्स किडीसाठी आपणच औषध मारतो. मागच्या वर्षी मी स्वतः, भर सकाळी दहा वाजता, फूल उघडं असताना. दुकानदार म्हणाला काही होत नाही. दुपारी बांधावर भाड्याच्या पेटीसमोर मुठीने गोळा कराव्या एवढ्या माश्या पडलेल्या. पेटीवाल्याने भांडण केलं, पैसे दिले, पण तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. बी एकरी निम्मं निघालं.

द्राक्षवेल_ओझर

भाऊ खरं सांगू का, आम्हा बागवाल्यांना माशीची पर्वाच नसते. द्राक्षाला लागतच नाही ती, स्वतःच्या परागावर घड धरतो. म्हणून मनात येईल तेव्हा ब्लोअर चालू. शेजारी डेंगळे आहेत का मिरची आहे कोण बघतंय. वडिलांच्या वेळी बांधावर करंज, बाभूळ, घाणेरी असायची, आता बांध म्हणजे नुसती तार. तुझं वाचून वाईट वाटलं. शेजारी डेंगळे असतील तर निदान दिवस मावळल्यावर मारत जाईन, माश्या घरी गेलेल्या असतात.

कॉलेजरोड_व्यवहारी

सगळं मान्य. पण एका माशीसाठी कायदा, फोटो मोजणी, अंगण उपटणं हे जरा जास्त नाही का? अमेरिकेला परवडतं. इथे माणसांना पाणी नाही. आणि एक जात गेली तर दुसरी घेईलच ना जागा.

निवृत्त_गंगापूररोडकर

@कॉलेजरोड_व्यवहारी मी पण लेकीला हेच म्हणालो होतो, अगदी याच शब्दांत. तेव्हा तिने मला रॉबिन थॉर्प यांच्याबद्दल सांगितलं. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक. फ्रँकलिन्स बंबलबी म्हणून एक जात, अमेरिकेच्या पश्चिमेला ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर एवढ्याशा पट्ट्यात, जगात बाकी कुठेच नाही. नव्वदीच्या शेवटी त्यांना ती सहज दिसायची. मग कमी. मग २००६ च्या ऑगस्टमध्ये माउंट अॅशलंडवर एक कामकरी दिसली. एकच. त्यानंतर ते दर उन्हाळ्यात त्याच डोंगरावर जात राहिले, वयाच्या सत्तरीत, ऐंशीत, जाळी घेऊन. नाही दिसली. २०१९ साली ते गेले. २०२१ ला तिला कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा ती शेवटची दिसून पंधरा वर्षं झालेली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही, मी बँकेत कॅशियर होतो. पण तीच तीच फुलं तपासत डोंगर चढणारा तो म्हातारा डोळ्यासमोरून जात नाही.

कॉलेजरोड_व्यवहारी

हं. वाचलं.

अंजनेरीवारी

आणि जागा दुसरी घेईलच असं नाही बरं का. रुईचं फूल घ्या. आपण शनिवारी मारुतीला माळ घालतो ती. तिचा पराग भुकटी नसतो, जोडीजोडीने पिवळ्या मेणचट पिशव्या असतात आणि त्या फुलाच्या फटीत अडकवलेल्या. फटीत पाय अडकवून जोर लावून ओढून काढील असा गडी लागतो. बारकी माशी अडकून मरते तिथेच. भुंगा मात्र आरामात ओढतो. मागच्या रविवारी अंजनेरीच्या पायथ्याला एक बघितला, मागच्या पायांना त्या पिशव्या लोंबत होत्या, पायात घुंगरू बांधल्यासारख्या, आणि तसाच पुढच्या फुलावर.

सिन्नरची_सून

बाई गं. आता रुई तोडताना आधी बघेन.

आमच्या सोसायटीत मागच्या महिन्यात पेस्ट कंट्रोलवाला आला होता, गच्चीवरच्या पेर्गोलात भुंगे आहेत म्हणून भोकाभोकात औषध मारून सिमेंट भरलं. मी पण सही केलेली अर्जावर. तेव्हा मला हा धागा कुठे माहीत होता.

गिरणारे_टोमॅटो

परत आलो. अंजनेरीदादा तुमचं ऐकून आठवडाभर सकाळी शेडच्या बाहेरच्या सरीत उकिडवा बसलो, बायको म्हणाली देवाला बसलाय का. सात वाजता काही नाही, थंडी होती. साडेआठला ऊन आलं आणि आली. तुम्ही सांगितलेली तीच, निळे पट्टे. येताना बारीक सूर आणि फुलाला धरलं की एकदम वेगळा, किर्रर करून, मोबाईल व्हायब्रेटवर टाकून पत्र्यावर ठेवल्यावर येतो तसा. अर्धा सेकंद, सोडलं, पुढचं फूल. मी मोजलं, मिनिटात दहा-बारा फुलं करते. आणि मी मजुराला दिवसाचे पैसे देतोय.

घर पण सापडलं. जुन्या विहिरीवरच्या मोटेच्या खोलीची मातीची भिंत आहे अर्धी पडलेली, त्यात भोकं. ती भिंत पाडून या महिन्यात पंपाची खोली बांधणार होतो.

संध्याकाळी अजून एक मजा बघितली, वाळलेल्या काडीवर सात-आठ जण रांगेत, पायाने नाही, जबड्याने काडी धरून आडवे लोंबत झोपलेले.

अंजनेरीवारी

ते नर. घर नसतं त्यांना, रोज रात्री असेच. भिंत ठेवणार का?

गिरणारे_टोमॅटो

खोली दुसऱ्या बाजूला घेतोय. शेडनेटची एक बाजू सकाळी गुंडाळून ठेवून बघतो आत येतात का. पांढरी माशी पण आत येईल ती वेगळी डोकेदुखी. बघू, एक ओळ करून बघतो आधी.

येवल्याचा_डेंगळेवाला

@गिरणारे_टोमॅटो आवाज रेकॉर्ड करून टाक ना भाऊ.

निवृत्त_गंगापूररोडकर

हो, टाकाच. माझ्याकडे त्या गंजवालीचा बर्गामॉटवरचा आवाज आहे, शेजारी शेजारी ऐकू.

इकडची खबर अशी की सौ.ला तो बिस्किटाचा चुरा दाखवला आणि खरा गुन्हेगार कोण ते सिद्ध केलं. ती खुर्ची घेऊन बांबूखाली बसली अर्धा तास. भुंगी भोकातून उलटी बाहेर आली, मागच्या पायाने भुसा ढकलत, केर काढावा तशी, तो हिच्या केसांत पडला. मी म्हटलं आता फवारणीचा डबा निघणार. तर म्हणते, बांबू जुनाच होता, वेल दुसरीकडे चढवू.

आज सकाळी शेजारच्या बांबूला दुसरं भोक सुरू झालंय.

मिसळीवर_तर्री

काका, भाडं ठरवून घ्या.